आधी सिंकखाली बघा

बाथरूमचं दार पावसात फुगलं होतं, ते तासायला मिस्त्री आले होते. निघता निघता मी सहज म्हटलं, स्वयंपाकघरातलं सगळं काढून नवं करायचा विचार आहे, जरा नजर टाकून जा. १९९८ साली घर घेतलं तेव्हाचं ते फर्निचर. मिस्त्रींनी शटरांकडे पाहिलंसुद्धा नाही. सिंकखालचं दार उघडलं, बादली, फिनाइलची बाटली, घासण्यांचा डबा एकेक करून बाहेर ठेवला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि गुडघ्यांवर बसून तळाच्या फळीवर, जिथे पाइप भिंतीत शिरतो त्या कोपऱ्यात, अंगठा दाबला. अंगठा आत गेला. मग डावीकडची फळी, उजवीकडची, शेजारच्या खणातली, असं बोटाच्या पेराने ठोकत ते पार गॅसपर्यंत गेले. "पेटी अच्छी है," उठताना म्हणाले, "बस ये एक पटिया गया है. बाकी काय को तोडते हो?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. शटरचा बदामी रंग पिवळा पडला होता, गॅसच्या वरचं एक दार लोंबत होतं, एक ट्रॉली ओढताना किंचाळायची. एवढ्यावर मी दहा फूट ओटा उघडा पाडायला निघाले होते.

सुताराच्या भाषेत कपाटाचे तीन भाग असतात. बाजूच्या, तळाच्या आणि पाठीच्या फळ्यांची मिळून पेटी. तिच्या तोंडावर शटर. आणि या दोघांना जोडणारं, सरकवणारं, धरून ठेवणारं ते हार्डवेअर, म्हणजे बिजागऱ्या, चॅनेल, मुठी. तिन्ही एकाच दिवशी बसतात, पण एकत्र म्हातारे होत नाहीत. शटरला हळदीचे, तेलाचे हात लागतात, कुकरची वाफ लागते, येता-जाता गुडघा लागतो. बिजागरी दिवसभर वजन उचलते. पेटी मात्र अंधारात गपचूप उभी असते. तिला मारतं ते पाणी. कपाट जुनं दिसतं ते शटरमुळे, त्रास देतं ते बिजागरीमुळे, आणि टेम्पोत भरून जाते ती पेटी. म्हणून या प्रकरणात रंगाचं बोलणं बरंच पुढे येईल. आधी पेटी.

पेटी कशाची आहे हे बाहेरून कळत नाही. आतून-बाहेरून सनमाईका, कडांना पट्टी. पण प्रत्येक कपाटाला एक खिडकी असते, ती कुणी उघडून बघत नाही. शटरच्या आतल्या बाजूला बिजागरीची जी गोल वाटी बसवलेली असते, तिचे दोन स्क्रू काढा. खाली ३५ मिलिमीटर व्यासाचा खड्डा दिसेल. त्या खड्ड्याची भिंत म्हणजे उघडं लाकूड. पातळ थर एकावर एक, एकदा उभे धागे, एकदा आडवे, असं दिसलं तर प्लायवूड. चिक्कीचा तुकडा मोडल्यासारखे भुशाचे बारीक-मोठे कण दिसले तर पार्टिकल बोर्ड. खाकी पुठ्ठ्यासारखं एकसारखं, रेषा नसलेलं दिसलं तर एमडीएफ. हे झालं शटरचं. पेटी वेगळ्या मालाची असू शकते, बऱ्याचदा असतेच. तिच्यासाठी फळी टेकवायच्या पिना ज्या भोकांत बसतात त्यातली एखादी पिन उपसा, किंवा चिमणीचा पाइप जिथून आरपार गेलाय ती कापलेली कड बघा. तिथे पट्टी लावायचे कष्ट सहसा कुणी घेतलेले नसतात.

हा भेद कळायला हवा, कारण पाण्याशी प्रत्येकाचं नातं वेगळं आहे. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा चिकटद्रव्य घालून दाबून बसवलेला. त्या दाबाने प्रत्येक कण चेपलेला असतो. पाणी लागलं की कण फुगतो आणि चेपण्याआधीच्या आकाराकडे जायला बघतो. जाताना शेजारच्या कणाला धरून ठेवणारा चिकटपणा तोडतो. फळी वाळली तरी तुटलेले सांधे पुन्हा जुळत नाहीत. म्हणून फुगलेला पार्टिकल बोर्ड उन्हात ठेवून, वर वजन ठेवून काही होत नाही. एमडीएफच्या कडांचीही तीच गत. प्लायवूडमध्ये प्रत्येक थर शेजारच्या थराला आडवा असतो. लाकूड धाग्यांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतं, पण इथे वरचा आणि खालचा थर त्याला धरून ठेवतात. प्लाय कुजतं, थर सुटतात, पण त्याला वेळ लागतो. शिवाय प्लायमध्येही प्रती आहेत. नव्या प्लायवर भारतीय मानकाचा आकडा छापलेला असतो: ३०३ म्हणजे सर्वसाधारण कामाचं, ७१० म्हणजे मरीन, ज्याचं चिकटद्रव्य उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. सिंकखालची एक फळी बदलायची झाली तर ती ७१० ची घ्यावी. एका फळीच्या किमतीत असा किती फरक पडणार?

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायला हवी, जी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. पुण्या-मुंबईकडच्या, नाशिक-कोल्हापूरकडच्याही हजारो स्वयंपाकघरांत ओट्याखाली लाकडी पेटी मुळात नसतेच. बिल्डरने कडप्प्याच्या उभ्या लाद्या लावून खण पाडून दिलेले असतात. आपण त्यात स्टीलच्या ट्रॉल्या सरकवतो, समोर शटर लावतो आणि त्याला मॉड्युलर किचन म्हणतो. कडप्पा म्हणजे आंध्रातल्या कडप्पा भागातून नाव मिळालेला काळा चुनखडीचा दगड. लिंबू किंवा चिंचेचं पाणी सांडून राहिलं तर त्याच्यावर फिकट डाग पडतो, कारण आम्ल चुनखडी खातं. पण त्याला वाळवी लागत नाही, तो फुगत नाही, कुजत नाही. ज्यांच्या घरी असे खण आहेत त्यांची पेटी त्यांच्या नातवंडांपर्यंत टिकेल. तरीही 'नवीन किचन' म्हणून हे खण घणाने फोडून तिथे पार्टिकल बोर्डाच्या पेट्या बसवलेल्या मी पाहिल्या आहेत. दिसायला सुरेखच दिसतात. पहिली दोन वर्षं.

तर सिंकखाली. तळाची फळी दबते का, पाठीची फळी काळी पडलीय का, पाइपच्या जोडावर हिरवट-पांढरं काही जमलंय का, हे बघून घ्या. टिश्यू पेपर जोडांभोवती गुंडाळून रात्रभर ठेवला की सकाळी गळती कुठे आहे ते कळतं. सिंकच्या कडेला ओट्याशी जो सिलिकॉन भरलेला असतो तो सुटलेला असला तर भांडी घासतानाचं पाणी हळूहळू आत झिरपत राहतं. वरून काहीच कळत नाही. गळती थांबवल्याशिवाय फळी बदलू नये. मोठी बिलं बहुतेक वेळा या क्रमाच्या चुकीची असतात.

त्याच खणात आणखी एक शत्रू असतो, तो आपणच ठेवलेला. संडास साफ करायचं अ‍ॅसिड. झाकण घट्ट लावलं तरी बाटलीतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ थोडी थोडी निसटते आणि बंद खणात कोंडते. बिजागऱ्या, ट्रॉलीच्या तारा, चॅनेलमधल्या गोळ्या यांना गंज चढतो, आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो की स्टील म्हणून लोखंड विकलं. ती बाटली बाथरूममध्ये, पोरांच्या हाताला न लागेल अशा जागी ठेवली की पुढच्या गंजाचं एक मोठं कारण जातं.

वाळवीचं थोडक्यात. पेटीच्या पाठीमागे मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर वाळवी. मूठभर पिठासारखी भुकटी आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर भुंगा. दोन्ही वेगळे प्राणी आहेत, उपायही वेगळे. वाळवी असेल तर नुसतं कपाट बदलून भागत नाही, ती भिंतीतून किंवा जमिनीतून येते आणि नव्या कपाटालाही येईल. त्यावर कीटकनाशकवाल्यालाच बोलवा.

पेटी ठाकठीक निघाली की मग एक साधं काम करायचं, ते केल्याशिवाय पुढचा खर्च ठरवायचा नाही. कपाटं धुवायची. पुसायची नव्हे, धुवायची.

गॅसजवळच्या शटरवर बोट फिरवलं की जो चिकट पिवळा थर लागतो तो नुसतं तेल नसतो. फोडणीच्या वाफेबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंब वर उडतात आणि शटरवर पातळ थरात बसतात. शेंगदाण्याच्या, करडईच्या, सूर्यफुलाच्या तेलात असंतृप्त मेदाम्लं असतात. हवेतला प्राणवायू त्यांना एकमेकांत गुंफत जातो, आणि काही महिन्यांत तेलाचा राळेसारखा पापुद्रा होतो. जवसाचं तेल चित्रकारांच्या रंगात वापरतात ते याच गुणामुळे. म्हणजे आपण नकळत दर दिवाळीपर्यंत शटरवर वार्निशाचा एक हात मारत असतो, वर धूळ भुरभुरवून. साध्या साबणाने तो निघत नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा (खायचा नाही, तो फार सौम्य पडतो) आणि थोडं भांड्यांचं द्रव साबण घालून कापड ओलं करायचं, पाच-सात मिनिटं शटरवर दाबून ठेवायचं, मग घासायचं. सोड्याच्या अल्कलीने तेलाच्या थराचा अंशतः साबण होतो आणि तो सुटतो. हातात रबरी मोजे हवेत. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमच्या शटरांना मात्र सोडा लावू नका, अल्कली अ‍ॅल्युमिनियम खाते आणि ते काळवंडतं. तिथे नुसतं साबणाचं पाणी आणि धीर. खऱ्या लाकडाच्या किंवा विनियरच्या शटरांनाही सोडा नको.

आमच्या बदामी शटरांचा अर्धा पिवळेपणा त्या बादलीतून गेला. उरलेला अर्धा खराच रंग उडालेला होता. पण धुतल्यानंतर पंधरा दिवस काही न करता राहावं, असं मी आता सगळ्यांना सांगते. काही जणांची नव्या किचनची इच्छा तेवढ्यातच ओसरते.

लोंबणाऱ्या दाराची गोष्ट तर आणखी सोपी. कपाट बंद असताना बाहेरून न दिसणारी जी वाटीची बिजागरी असते, तिला दिशा ठरवणारे स्क्रू असतात. एकाने दार डावी-उजवीकडे सरकतं, एकाने आत-बाहेर, आणि पेटीवरच्या पट्टीचे स्क्रू सैल करून वर-खाली. अर्धी फेरी इकडे, पाव फेरी तिकडे, आणि दोन शटरांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी होते. हे काम मी साठीतल्या माणसांना शिकवलंय आणि नंतर त्यांना शेजाऱ्यांची दारं नीट करत फिरताना पाहिलंय.

स्क्रू नुसताच गरागरा फिरत असेल तर भोक मोठं झालेलं असतं. मिस्त्री तिथे गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोकतात, रात्रभर वाळू देतात, सकाळी कड कापून तोच स्क्रू परत बसवतात. प्लायमध्ये ही युक्ती वर्षानुवर्षं टिकते. पार्टिकल बोर्डात टिकेलच असं नाही. तिथे बिजागरी इंच-दीड इंच वर सरकवून नवं भोक पाडणं बरं.

बिजागरी बदलायची वेळ आलीच तर जुनी बरोबर घेऊन दुकानात जा. 'वाटीवाली बिजागरी द्या' म्हटलं की काउंटरवरचा मुलगा विचारतो, झिरो, आठ की सोळा? बिजागरीचा हात किती वाकलेला आहे त्याचा हा आकडा. शटर पेटीची कड पूर्ण झाकत असेल तर हात सरळ, म्हणजे झिरो. मधल्या एकाच फळीवर दोन शटर अर्धं-अर्धं बसत असतील तर आठ. शटर पेटीच्या आत बसत असेल तर सोळा. चुकीची आणली तर दार एक तर बंद होत नाही किंवा शेजारच्यावर आपटतं. हळू मिटणाऱ्या, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्याही त्याच ३५ मिलिमीटरच्या खड्ड्यात बसतात, त्यामुळे जुन्या शटरला त्या लावता येतात. मला विचाराल तर सगळ्या दारांना त्यांची गरज नाही. ज्या दारावर घरातला तरुण मुलगा रात्री बारा वाजता बिस्किटं शोधतो, तेवढ्या एका दाराला लावाव्या.

मुठींचंही असंच एक गणित आहे. मुठीच्या दोन स्क्रूंमधलं अंतर ९६, १२८, १६०, २२४ मिलिमीटर अशा आकड्यांत येतं. सगळे ३२ च्या पाढ्यातले. युरोपातल्या कारखान्यांनी कपाटाची भोकं ३२ मिलिमीटरच्या अंतरावर पाडायची पद्धत पाडली, तिचा हा वारसा. जुन्या मुठीचं अंतर मोजून त्याच मापाची नवी घेतली तर शटरला नवं भोक पाडावं लागत नाही, जुनं बुजवावं लागत नाही, आणि एका दुपारी स्वयंपाकघराचा चेहरा बदलतो. जुन्या इंची मुठींचं माप या पाढ्यात बसत नाही. तिथे मागे पट्टी असलेली मूठ घ्यावी, ती जुनी भोकं झाकते.

स्टीलबद्दल बाजारात एक गैरसमज चालतो. विक्रेता लोहचुंबक काढतो, ट्रॉलीला लावतो, चिकटत नाही म्हणून सांगतो, बघा, ३०४ आहे. चुंबक न चिकटणं ही ३०४ ची खूण नव्हे. २०२ या स्वस्त प्रतीलाही चुंबक चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि ते गंजाला लवकर बळी पडतं. पुण्यात हा फरक कळायला वेळ लागेल. रत्नागिरीत, अलिबागला, पणजीला खाऱ्या हवेत तो एका पावसाळ्यात कळतो. तिथे ३०४ बिलावर लिहून घ्यावं.

आता शटर.

घर भाड्याचं असेल तर चिकट फिल्म लावा आणि पुढचे तीन परिच्छेद सोडा. स्वस्त, एका दिवसात होते, सोडताना काढता येते. गॅसच्या बाजूला कडा उचलतात, तेवढं गृहीत धरायचं.

घर स्वतःचं असेल तर पहिला प्रश्न येतो जुन्या सनमाईकावर नवी लावता येईल का हा. सनमाईका हे एका कंपनीचं नाव, पण आपण ते मालाचंच नाव करून टाकलं, झेरॉक्ससारखं. हा माल मुळात अमेरिकेतला. १९१२ साली पिट्सबर्गमधले हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर विजेच्या यंत्रांसाठी अभ्रकाला पर्याय शोधत होते. अभ्रक इंग्रजीत मायका, त्याच्या 'ऐवजी' म्हणून नाव पडलं फॉर्मायका. आपल्या सनमाईकातही मायका आहे, फक्त नावात. पत्र्यात अभ्रकाचा कणही नसतो. तिच्यात असतात खाकी कागदाचे थर, राळेत भिजवून प्रचंड दाब आणि उष्णता देऊन एकजीव केलेले, वर नक्षीचा एक कागद. म्हणजे आपल्या शटरचा चेहरा हा कागदाचा असतो, आणि तो पंचवीस वर्षं वाफ सोसतो हे कौतुकाचंच.

जुनी घट्ट चिकटलेली असेल तर तिच्यावर नवी लागते. तेल पूर्ण काढायचं, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारायची, दोन्ही बाजूंना रबरी गोंद लावून हाताला चिकटेनासा झाला की दाबायचं. सुतार इथे एक गोष्ट सांगायला विसरतात. शटरच्या दोन्ही अंगांना सनमाईका असते ती आतलं अंग सुंदर दिसावं म्हणून नव्हे, दोन्हीकडचा ताण सारखा राहावा म्हणून. बाहेरून आणखी एक मिलिमीटर चढवला की तोल बिघडतो. ओट्याखालच्या लहान शटरांना फरक पडत नाही. पण फ्रिजशेजारचं पाच-सहा फुटी उंच शटर वाकू शकतं. तिथे आतल्या बाजूलाही पातळ पत्रा लावावा, किंवा ते एकच शटर नवं करावं. आणि जुनी सनमाईका ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर तिच्यावर काही लावू नका, आधी ती काढा.

रंग द्यायचा तर शटर काढूनच द्यावा. लटकलेल्या शटरवर ब्रश मारणाऱ्याला मी घरात घेत नाही. सनमाईकावर नेहमीचा ऑइलपेंट थेट दिला तर तो काही महिन्यांत नखाने सुटतो, कारण त्या गुळगुळीत पृष्ठभागाला धरायला त्याला काही मिळत नाही. आधी पॉलिश पेपर, मग गुळगुळीत पृष्ठभागाला चिकटणारा खास प्रायमर, आणि त्यावर दोन-तीन पातळ हात. पीयू रंग जास्त टणक, पण तो फवाऱ्याने कारखान्यातच द्यावा. त्यातल्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट, घरात नकोच. रंग हाताला कोरडा लागला म्हणजे तो पक्का झाला असं नाही. आठवडाभर तरी शटर आपटू नये, ओल्या फडक्याने पुसू नये. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. दमट हवेत रंग वाळत नाही आणि चकाकीवर पांढुरकी झाक येते. दिवाळी झाली की होळीपर्यंतचे दिवस त्यासाठी उत्तम.

जुन्या वाड्यातलं, आजीच्या घरचं सागवानी फडताळ किंवा जाळीचं कपाट रंगवणार असाल तर एक सावधगिरी. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचे रंगाचे थर कोरडे घासले तर शिशाची धूळ घरभर होते, आणि ती लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. असं कपाट घासायचं तर पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरने, मुलं आणि गरोदर बाई घरात नसताना, तोंडाला चांगला मास्क बांधून. कोयरीच्या आकाराचे पाय असलेली, पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवून मुंग्या अडवायची ती जाळीची कपाटं आता पुन्हा शोधून घेतली जातात म्हणून हे सांगितलं. वरचा रंग उतरला की आतून सागवान निघतं, आणि मग त्याला रंग द्यायचं मन होत नाही.

बाहेरून एवढं केलं तरी आतली अडचण तशीच राहू शकते. ओट्याखालच्या दोन फूट खोल कप्प्यात मागच्या डब्यापर्यंत पोचायला जमिनीवर बसावं लागतं. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुकार बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, तेव्हा हीच चिंता त्यांच्यापुढे होती. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर, म्हणजे आपल्या मुंबईच्या फ्लॅटला परकी न वाटणारी खोली. भिंतीत हातभर अंतरावर अ‍ॅल्युमिनियमचे छोटे खण, तांदूळ-साखर ओतायला तोटी असलेले. पिठाचा खण मात्र ओकचा, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे अळ्या लागत नाहीत. कपाटांना निळसर रंग, कारण माश्यांना निळा आवडत नाही असा तेव्हाचा समज. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली. नंतरच्या पिढ्यांनी त्यातली बरीच उखडून फेकली, आणि आता त्यातलं एक न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. एका खणातली फळी काढून तिथे चॅनेलवर सरकणारा खोल ड्रॉवर बसवायचा, एवढंच. नेहमीच्या टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते. म्हणून ड्रॉवरची रुंदी खणाच्या आतल्या रुंदीपेक्षा एक इंच कमी. लाकडी पेटीत हे सरळ जमतं. कडप्प्याच्या खणात जमत नाही, कारण गवंड्याने लादी ओळंब्यात लावलेली असेलच असं नाही. पुढे अठरा इंच असलेला खण मागे साडेसतरा निघतो. रुंदी पुढे, मध्ये आणि मागे, वर आणि खाली मोजा आणि सर्वांत लहान आकडा धरा. दगडात चॅनेलचे बारीक स्क्रू धरत नाहीत. आधी दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या बसवायच्या, त्यांच्यामागे जिथे फट राहील तिथे पातळ प्लायचे तुकडे सारून पट्ट्या समांतर करायच्या, आणि मग चॅनेल. पट्ट्यांची जाडीही रुंदीतून वजा करायची, हे आमच्या पहिल्या ड्रॉवरच्या वेळी माझ्या लक्षात राहिलं नाही. तो ड्रॉवर आता गॅलरीत आहे, त्यात पुदिना लावलाय.

ट्रॉल्या बाहेर निघाल्यात तोवर भिंतीकडची भोकं बुजवून घ्या. पाइपभोवती, गॅसच्या नळीभोवती जी बोटभर फट असते ती बारक्या तपकिरी झुरळांची येण्या-जाण्याची वाट. त्यांना अंधार, ऊब आणि दमटपणा लागतो, आणि बिजागरीच्या वाटीत तिन्ही मिळतात. फट सिमेंटने किंवा सिलिकॉनने बंद केली आणि बिजागऱ्यांजवळ जेलचे ठिपके दिले की बरंच भागतं. शेजारच्यांनीही केलं तर जास्त भागतं, पण ते सांगायला जाणं अवघड असतं.

सगळ्यात शेवटी पैशाचं. ठेकेदार बहुतेकदा समोरून दिसणाऱ्या स्क्वेअर फुटावर भाव सांगतात. त्या एका आकड्यात पेटी, शटर, हार्डवेअर सगळं मिसळलेलं असतं. तिन्हींचे वेगळे भाव कागदावर मागा. कुणी द्यायला कुरकुर करेल, पण वेगळे आकडे दिसले की पेटी ठेवल्याने किती वाचतं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. आणि पेटी पार्टिकल बोर्डाची असून तळापासून वीतभर फुगलेली असेल, किंवा ओढली तर कोपऱ्यात काटकोन राहत नसेल, तर हे प्रकरण तुमच्यासाठी नाही. ती जाऊ द्या. सडक्या पेटीला नवी शटरं लावणं हा सगळ्यात महागडा प्रकार.

आमच्याकडे शेवटी तळाची एक फळी, सिंकचं सिलिकॉन, अकरा बिजागऱ्या, सगळ्या मुठी आणि फ्रिजशेजारचं उंच शटर एवढं बदललं. बाकीची शटरं सुटी करून रंगवायला गेली. ती काढायच्या आदल्या दिवशी मी कागदी टेपचे तुकडे कापून त्यांवर नंबर लिहून ठेवले होते, कुठलं दार कुठे जातं हे नंतर कळावं म्हणून. मिस्त्रींनी पहिलं शटर उतरवलं आणि बिजागरीच्या पट्टीमागे दडलेली जागा मला दाखवली. पेटीच्या प्लायवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'डावी २'. शटरच्या वाटीशेजारीही तेच. १९९८ च्या सुताराने प्रत्येक दारावर आणि त्याच्या जागेवर नंबर टाकलेले होते, आणि देवाच्या सामानाचा खण होता तिथे नंबराच्या जागी नुसतं 'देव' लिहिलेलं होतं. मिस्त्रींनी माझी टेप बाजूला ठेवली आणि त्या नंबरांच्याच क्रमाने शटरं टेम्पोत भरली.